लांब पल्ल्याचा मोह

मागील दोन अंकांत मृत्युपत्र आणि नामनिर्देशन यांविषयी लिहून झाल्यावर, या वेळी थोडा मोकळ्या हवेतील विषय घ्यावा, असे काही वाचकांनी सुचविले होते. त्याच सुमारास एका भगिनींचा प्रश्न हाती आला. त्यांचे सासरे पुढील महिन्यात सत्तर वर्षांचे होत आहेत. दुकानाचा कारभार मुलांकडे सोपविल्यापासून आठवड्यातील तीन सकाळी ते गोल्फच्या मैदानावर घालवितात. वाढदिवसानिमित्त त्यांना एक उत्तम फेअरवे वुड भेट द्यावा, असे घरात ठरले आहे आणि दुकानदाराने थ्री-वुड दाखविला आहे. ‘पैशांचा प्रश्न नाही, पण तो त्यांच्याकडून मारला जाईल ना?’ असे त्या विचारतात.

प्रश्नातील हे शेवटचे वाक्य मला फार मोलाचे वाटते. बहुतेक जण ‘कोणत्या कंपनीचा घ्यावा?’ एवढेच विचारून थांबतात. म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो. थ्री-वुड घेऊ नये. फाइव्ह-वुड घ्यावा, आणि सासरेबुवांच्या हाताची गती बेताची असेल तर सेव्हन-वुड. कारणे मात्र सविस्तर सांगावयास हवीत. कारण दुकानात पुन्हा पाऊल टाकताच तोच थ्री-वुड अधिक आग्रहाने पुढे केला जाईल.

ज्या घरांत हा खेळ अद्याप पोहोचलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी माहिती. क्लब म्हणजे चेंडू मारावयाची काठी. नियमाप्रमाणे खेळाडूच्या पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब असू शकतात. सर्वांत लांब मारणारा तो ड्रायव्हर, आणि तो मारताना चेंडू ‘टी’ नावाच्या लहानशा खुंटीवर ठेवण्याची मुभा असते. त्यापुढे मात्र चेंडू जिथे थांबेल तिथून, जमिनीवरूनच, मारावा लागतो. कापून राखलेल्या ज्या हिरवळीवर तो पडावा अशी अपेक्षा असते, ती फेअरवे. तेथून अजून दीडशे-दोनशे यार्ड अंतर उरले असेल, तर गोलसर, फुगीर डोक्याचा जो क्लब काढतात, तो फेअरवे वुड. वुड हे नाव उगाच पडलेले नाही. पूर्वी त्याचे डोके खरोखरीच लाकडाचे असे. अमेरिकेतील पर्सिमन वृक्षाचे घट्ट लाकूड त्यासाठी वापरीत. हा वृक्ष आपल्या विदर्भातील तेंदूच्याच कुळातला. एका भावाच्या पानांच्या बिड्या वळल्या गेल्या आणि दुसऱ्याच्या खोडातून गोल्फचे क्लब घडले. १९७९ साली टेलरमेड कंपनीने पोलादी डोक्याचा वुड बाजारात आणला आणि पुढील वीसएक वर्षांत लाकूड मैदानावरून जवळजवळ नाहीसे झाले. नाव तेवढे राहिले.

आता आकड्यांकडे वळू. क्लबच्या तोंडाला जो तिरकेपणा असतो, त्याला लॉफ्ट म्हणतात आणि तो अंशांत मोजतात. थ्री-वुडचा लॉफ्ट साधारण १५ अंश, फाइव्ह-वुडचा १८ ते १९, सेव्हन-वुडचा २१ ते २२ आणि नाइन-वुडचा २४च्या आसपास असतो. नंबर वाढत जातो तसा लॉफ्ट वाढतो आणि दांडा, ज्याला मैदानावर शाफ्ट म्हणतात, तो आखूड होत जातो. थ्री-वुडचा शाफ्ट सुमारे ४३ इंचांचा असतो. फाइव्ह-वुडचा त्याहून साधारण अर्धा इंच आखूड, सेव्हन-वुडचा आणखी अर्धा इंच. एवढ्याशा फरकाने काय होते, असे वाटेल. परंतु काठी जितकी लांब, तितके तिचे टोक पूर्ण वेगात फिरत असताना लिंबाएवढ्या चेंडूवर नेमके आणणे कठीण होते. खेळाडूचे वय, पाठ आणि नजर यांचा विचार केला तर तो अर्धा इंच फुकटात मिळालेली सवलतच समजावी.

लॉफ्टचे कार्य याहून महत्त्वाचे आहे. नवख्या माणसाची समजूत अशी असते, की चेंडू आपण मनगटाने उचलावयाचा असतो. वस्तुतः उचलण्याचे काम लॉफ्टचे आहे. खेळाडूने क्लब जमिनीलगत सरळ नेऊ द्यावा, एवढीच अपेक्षा असते. पण १५ अंशांचा तो उभट फेस जमिनीवरील चेंडूमागे ठेवला, की खाली पाहणाऱ्या डोळ्याला तो जवळजवळ सरळ भिंतीसारखा दिसतो. हा चेंडू वर कसा जाणार, ही शंका मनात येते आणि हात नकळत त्याला खालून उपसू लागतात. शरीराचा भार मागच्या पायावर राहतो. क्लब एक तर चेंडूच्या आधी जमिनीत बसतो, नाही तर चेंडूच्या डोक्यावर आपटतो आणि चेंडू ससा पळावा तसा गवतातून सरपटत जातो. पुढच्या खेपेस आणखी जोर लावला जातो, कंबर आणखी मागे झुकते. काही महिन्यांनी कंबरदुखी सुरू होते आणि दोष वयाला दिला जातो. मी ही साखळी अनेकांच्या बाबतीत पाहिली आहे आणि तिची पहिली कडी बहुतेकदा क्लबच्या निवडीत सापडते.

याच्या जोडीला वेगाचा प्रश्न आहे. कमी लॉफ्टच्या क्लबने मारलेला चेंडू हवेत टिकण्यासाठी त्याला पुरेसा वेग आणि उलटी फिरकी मिळावी लागते. ज्याचा ड्रायव्हर ताशी ९० मैलांच्या आत फिरतो, त्याने जमिनीवरून थ्री-वुड मारण्याच्या भानगडीत पडू नये, असे अनेक प्रशिक्षक सांगतात. आणि साठीपुढील बहुतेक हौशी खेळाडू या रेषेच्या खालीच असतात. अशा हातांत थ्री-वुड कागदावर लांब आणि मैदानावर आखूड ठरतो. फाइव्ह-वुडचा चेंडू उंच जातो, हवेत अधिक काळ राहतो आणि बहुतेकदा थ्री-वुडइतकाच, कधी त्याहून पुढे जाऊन पडतो. शिवाय लॉफ्ट वाढला की डावी-उजवीकडे वळणेही कमी होते.

व्यापारी वाचकांना हे माझ्या जुन्या पेशाच्या भाषेत चटकन पटेल. बँकेच्या मंजुरीपत्रावर कॅश क्रेडिटची मर्यादा ५० लाख रुपये लिहिलेली असते. ते पत्र पाहून मन सुखावते. परंतु महिन्याचे स्टॉक स्टेटमेंट आले आणि ड्रॉइंग पॉवर ३० लाखांचीच निघाली, तर त्यापुढचा धनादेश परत जातो. मंजुरीपत्र कितीही जाड कागदावर छापलेले असो. थ्री-वुडच्या जाहिरातीत जे अंतर छापतात ती मंजूर मर्यादा होय. उचल करता येते ती आपल्या हातांच्या गतीएवढीच. चाळीस वर्षे ड्रॉइंग पॉवर पाहून माल भरणारे व्यापारी गोल्फच्या दुकानात मात्र मंजुरीपत्रावर का भुलतात, हे मला उलगडलेले नाही.

माझ्या एका स्नेह्यांचे उदाहरण त्यांच्या अनुमतीने सांगतो. भुसार मालाचा घाऊक व्यापार त्यांनी उभा जन्म केला. मुलगा अमेरिकेत नोकरीस. तो एका सुट्टीत वडिलांसाठी थ्री-वुड घेऊन आला. तोही साधा नव्हे. १३.५ अंशांचा, कडक शाफ्टचा, चेंडूला फिरकी कमी देणाऱ्या बनावटीचा. मुलाचे वय पस्तीस, अंगात ताकद. त्याने स्वतःला जे आवडले असते तेच प्रेमाने आणले. शेठजींनी तो क्लब सहा महिने निष्ठेने वापरला. चेंडू गुडघ्याच्या वर क्वचितच गेला. दर रविवारी फोनवर मुलगा विचारी, ‘पप्पा, कसा चाललाय क्लब?’ आणि इकडून ठरलेले उत्तर जाई, ‘एकदम फर्स्ट क्लास!’ हळूहळू आठवड्याच्या तीन सकाळी दोनावर आल्या, दोनाची एक झाली. ‘साहेब, आता वय झालं. हा खेळ बंद केलेला बरा,’ असे ते मला म्हणू लागले. ज्या माणसाने दुकान सोडल्यावर याच तीन सकाळींच्या आधारे दिवसाची घडी बसविली होती, त्याच्या तोंडचे हे वाक्य मला साधे वाटले नाही.

तोड काढली ती आमच्या कॅडीने. त्याने माझ्या पिशवीतील सेव्हन-वुड काढून त्यांच्या हाती दिला आणि म्हणाला, ‘शेठ, वय नाही झालं तुमचं. काठी चुकीची आहे. ही मारून बघा.’ (स्पर्धेत असा दुसऱ्या खेळाडूचा क्लब मागून घेणे नियमात बसत नाही, आमचा खेळ मैत्रीचा होता.) पहिला चेंडू उंच उठला आणि फेअरवेच्या मध्यावर उतरला. दुसराही तसाच. चार चेंडू झाल्यावर शेठजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग क्लब उलटा करून त्याचा तळ पाहत त्यांनी विचारले, ‘हा कितीला पडतो?’

खरा पेच पुढेच होता. मुलाच्या भेटीचे काय करावयाचे? ते त्याला सांगावयास तीन आठवडे धजावले नाहीत. अखेर सांगितले, तेव्हा मुलगा म्हणाला, ‘पप्पा, आधीच सांगायचं ना!’ आता तो क्लब कपाटात असतो आणि मुलगा दिवाळीत आला की तोच घेऊन वडिलांबरोबर खेळतो. त्याच्या हातात तो सुरेख चालतो. मुलांनी वडिलांना खेळाचे साहित्य घेताना स्वतःचा हात बाजूला ठेवावा, एवढे तरी यातून निष्पन्न होते.

थ्री-वुड सोडणे म्हणजे म्हातारपण मान्य करणे, असा एक गंड पुरुषांत आढळतो. त्यांच्यासाठी एक प्रसिद्ध घटना सांगण्यासारखी आहे. १९३५ साली अमेरिकेतील ऑगस्टा येथे, आज मास्टर्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धेच्या अखेरच्या फेरीत, जीन साराझेन हा खेळाडू पंधराव्या होलवर तीन फटक्यांनी मागे होता. ग्रीनवरील खळगा सुमारे २३५ यार्ड दूर, मध्ये पाणी, आणि चेंडू गवतात दबून बसलेला. तीन नंबर घ्यावा की चार, असा विचार त्याच्या मनात घोळला. दबलेला चेंडू तीन नंबरने उचलला जाणार नाही, हे ओळखून त्याने चार नंबरचा वुड काढला. चेंडू पाणी ओलांडून ग्रीनवर पडला आणि थेट खळग्यात गेला. पाच फटक्यांचा होल दोन फटक्यांत पूर्ण झाला आणि तीन फटक्यांची पिछाडी एका क्षणात भरून निघाली. दुसऱ्या दिवशीच्या निर्णायक लढतीत साराझेन जिंकला. त्याने हरविलेल्या प्रतिस्पर्ध्याचे नाव क्रेग वुड असावे, हा योगायोगही मौजेचा. त्या होलवरील पुलाला पुढे १९५५ साली साराझेनचे नाव देण्यात आले. फेअरवे वुडच्या इतिहासातील सर्वांत गाजलेला हा फटका तीन नंबर पिशवीत ठेवून मारलेला आहे. अगदी अलीकडे, २०२०ची मास्टर्स जिंकणाऱ्या डस्टिन जॉन्सनच्या पिशवीतही सेव्हन-वुड होता. जगातील अत्यंत लांब मारणाऱ्यांपैकी हा एक खेळाडू. त्याला सेव्हन-वुड बाळगण्यात कमीपणा वाटला नाही.

नंबर ठरला, की डोक्याची बनावट पाहावी. गोल्फचा चेंडू किमान ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा असतो; म्हणजे जमिनीवर ठेवल्यावर त्याचा मध्य जमिनीपासून साधारण २१ मिलिमीटर उंचीवर येतो. क्लबच्या डोक्याचे वजन जितके खाली आणि मागच्या बाजूस असेल, तितका चेंडू सहज वर जातो. म्हणून ज्याचा फेस उंचीला कमी, तळ रुंद आणि डोके मागे पसरलेले आहे, असा क्लब निवडावा. फेस उंच असलेला, ड्रायव्हरच्या धाकट्या भावासारखा दिसणारा वुड टीवरून छान चालतो. जमिनीवरून त्याच्या फेसचा वरचा अर्धा भाग वायाच जातो. १९९०च्या दशकात बार्नी अॅडम्स या गृहस्थांनी ‘टाइट लाइज’ नावाचा वुड काढला. त्याचे डोके जणू उलटे केलेले होते, वर निमुळते आणि खाली रुंद. सामान्य खेळाडूंनी तो उचलून धरला, कारण उघड्या, कडक जमिनीवरूनही त्याने चेंडू उठत असे. कॅलवे कंपनीने आपल्या सेव्हन-वुडला ‘हेवनवुड’ आणि नाइन-वुडला ‘डिव्हाइन नाइन’ अशी नावे दिली होती. विक्रेत्यांच्या अतिशयोक्तीला मी सहसा दाद देत नाही, पण ही नावे ठेवणाऱ्याला चेंडू वर जाण्यातले सुख ठाऊक असावे.

हल्ली प्रत्येक कंपनी एकाच नावाचा वुड तीन-चार प्रकारांत काढते आणि ग्राहकाचा गोंधळ तेथेच होतो. तळावरील अक्षरे वाचावीत. ‘मॅक्स’ लिहिलेला प्रकार सहसा सर्वांत क्षमाशील. फटका फेसच्या मध्यावर बसला नाही तरी चेंडू फार भरकटत नाही. ‘एचएल’ म्हणजे चेंडू उंच नेणारा. ‘एलएस’ किंवा ‘एलएसटी’ म्हणजे कमी फिरकीचा, ‘टूर’ म्हणजे व्यावसायिकांच्या वळणाचा. हे दोन्ही वेगवान हातांसाठी आहेत आणि किमतीने बहुधा चढे असतात. या व्यवहारात महाग ते चांगले हे सूत्र लागू पडत नाही. ज्यांचा चेंडू सदैव उजवीकडे वळतो, त्यांच्यासाठी डावीकडे झुकाव दिलेले प्रकार मिळतात आणि बहुसंख्य हौशी खेळाडू याच वर्गात मोडतात.

शाफ्टबाबत थोडक्यात सांगतो. ग्रॅफाइटचा, ५० ते ६० ग्रॅम वजनाचा घ्यावा. लवचिकता अक्षरांनी दर्शवितात. ‘एस’ म्हणजे कडक, ‘आर’ म्हणजे सर्वसाधारण, ‘ए’ म्हणजे त्याहून मऊ. सत्तरीच्या गृहस्थांना ‘ए’ उचित. काही कंपन्या त्यावर ‘सीनियर’ असे लिहितात. तो शब्द पाहून कोणी रुसत असेल तर त्यावर एक चिकटपट्टी लावावी. बोटांचे सांधे दुखत असतील तर मुठीचे रबर थोडे जाड बसवून घ्यावे. हे काम अर्ध्या तासात होते. जाता जाता एक गोष्ट. गोल्फचे चांगले म्हणून विकले जाणारे हातमोजे बहुधा मेंढीच्या चामड्याचे असतात. चामडे नको असेल त्यांनी तसे स्पष्ट सांगून कृत्रिम कापडाचे मागावेत. ते सर्वत्र मिळतात आणि पावसात अधिक टिकतात.

आपल्याकडील मैदानांचा विचार परदेशी जाहिरातींत नसतो. तो आपणच करावयास हवा. चेंबूर असो, येरवडा असो की खारघर, फेअरवेवर बहुधा हरळीच्या कुळातील गवत असते. ज्याला जग बर्म्युडा ग्रास म्हणते, ती आपल्या पूजेतील दूर्वाच. पावसाळ्यात ते दाट आणि ओले असते, चेंडू त्यात रुततो, आणि कमी लॉफ्टचा क्लब पाण्यावरून घसरल्यासारखा होतो. एप्रिल-मे महिन्यांत जमीन कडक होते आणि चेंडूखाली गवताची गादी उरत नाही. दोन्ही ऋतूंत जास्त लॉफ्टच कामी येतो. थंडीतील दोन-तीन महिने थ्री-वुडला अनुकूल म्हणता येतील. तेवढ्यासाठी बाराही महिने तो खांद्यावर वागविण्यात हशील नाही.

येथे एक शंका हमखास निघते : मग हायब्रिड का घेऊ नये? वुड आणि आयर्न यांच्या मधला हा प्रकार या शतकाच्या प्रारंभी लोकप्रिय झाला. त्याचे डोके लहान, शाफ्ट आखूड. लांब गवतातून चेंडू काढावयास तो उत्तम. जे खेळाडू क्लब वरून खाली चेंडूवर मारतात, त्यांना हायब्रिड मानवतो. झाडू मारल्यासारखा जमिनीलगत क्लब फिरविणाऱ्यांना मात्र सेव्हन-वुड अधिक सोपा जातो. त्याचा चेंडू उंचावरून येतो आणि ग्रीनवर अलगद थांबतो. आपले सासरे फटका मारतात तेव्हा गवताचा तुकडा उडतो की गवत नुसते चाटून जाते, एवढे पाहिले तरी निर्णय होईल.

आता चाचणीविषयी. दुकानात किंवा सरावाच्या जागी कृत्रिम गवताच्या चटईवरून चेंडू मारावयास देतात. ही चटई ग्राहकाची मोठी दिशाभूल करते. क्लब चेंडूच्या दोन इंच मागे पडला तरी चटईवरून घसरत पुढे येतो आणि फटका चांगला बसल्यासारखा वाटतो. तोच फटका खऱ्या जमिनीवर मारला, तर माती उडेल आणि चेंडू जागच्या जागी राहील. म्हणून शक्य असेल तेथे नमुन्याचा क्लब मागून घ्यावा आणि खऱ्या गवतावरून मारून पाहावा. संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक फटक्याचे अंतर उमटते. विक्रेता त्यांतील सर्वांत मोठा आकडा बोटाने दाखवितो. त्याकडे पाहू नये. थ्री, फाइव्ह आणि सेव्हन यांनी प्रत्येकी दहा चेंडू मारावेत, दहाही अंतरे कागदावर लिहावीत, सरासरी काढावी आणि त्यानंतर सर्वांत वाईट तीन फटके वेगळे पाहावेत. कर्जदाराची पत मी त्याच्या चांगल्या वर्षावरून कधी ठरविली नाही. मंदीच्या वर्षात त्याने हप्ते कसे भरले, हे आधी पाहत असे. ज्या क्लबचे वाईट तीन फटकेही शंभर-सव्वाशे यार्ड सरळ जातात, तो क्लब घरी न्यावा. दहा चेंडू सलग मारून दमछाक होत असेल, तर तीन क्लबांची परीक्षा दोन दिवसांत विभागावी. दमलेला हात शेवटच्या क्लबवर अन्याय करतो.

किमतीविषयी बोलावयाचे तर नामांकित कंपनीचा नवा फेअरवे वुड पंचवीस-तीस हजारांच्या घरात जातो. दोन-तीन वर्षांपूर्वीचा, परंतु न वापरलेला किंवा जपून वापरलेला क्लब त्याहून पुष्कळच स्वस्त मिळतो आणि सत्तरीच्या हातांना या दोहोंतील फरक जाणवत नाही. दरवर्षी निघणारी नवी आवृत्ती म्हणजे बव्हंशी नवा रंग होय. जुना घेताना फेसवर बारीक तडा नाही ना, शाफ्ट डोक्याला जिथे जोडला जातो तिथे हालत नाही ना, हे पाहावे. मैदानावर जोडीने खेळणाऱ्यांपैकी कोणाकडे तरी एखादा जास्तीचा सेव्हन-वुड पडून असतो, तोही विचारून पाहावा. नावाजलेल्या कंपन्यांचे हुबेहूब नकली क्लब बाजारात येतात. अर्ध्याहून कमी किमतीत ‘अगदी नवा’ म्हणून कोणी देऊ करीत असेल, तर पावती आणि क्रमांक यांची खातरजमा केल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ऐंशी पैशांत रुपया कोणी विकत नाही, हे वाचकांना मी सांगावयास नको.

तेव्हा भगिनींनी भेटवस्तू गुपित ठेवण्याचा आग्रह सोडावा, असे मी सुचवीन. वाढदिवसाच्या आधीच्या एखाद्या सकाळी सासऱ्यांना बरोबर घेऊन जावे, त्यांच्या नेहमीच्या कॅडीलाही शक्य असेल तर बोलवावे. त्यांचा खेळ घरातील कोणापेक्षाही तोच अधिक जाणतो. पावतीवर बदलून मिळण्याची मुदत लिहून घ्यावी. आणि थ्री-वुड याआधीच घरात आला असेल, तर तो फेकून देण्याचे कारण नाही. अरुंद होलवर ड्रायव्हरऐवजी तो टीवरून वापरावा. टी अगदी खाली, जमिनीपासून अर्ध्या इंचापेक्षा कमी ठेवावी, आणि मूठ एक इंच खाली धरावी. चेंडू खुंटीवर असला की १५ अंशही पुरतात.